धांड्याची बैलगाडी

गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या शिवारात ज्वारी निघाली की बांधावर धांडे पडलेले असतात. त्यांची साल सोलायची, आतलं मऊ भेंड तोडायचं, सालीच्या काड्या त्यात खोचायच्या, झाली बैलगाडी! खर्च शून्य. पण साल जपून सोलताना, काडी नेमक्या जागी खोचताना लेकराची बोटं आणि नजर एकमेकांशी जुळतात. उद्या पेन्सिल धरायची ती याच बोटांनी.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखलं. १९४५ साली बोर्डी गावात त्यांनी बालवाडी सुरू केली. महागडी साधनं खेड्याला परवडणार नव्हती, म्हणून खडे, बिया, पानं, शंख-शिंपले हीच त्यांची साधनं झाली. मुलानं हातानं करत शिकावं हा माँटेसरी पद्धतीचा विचार त्यांनी असा अंगणात उतरवला. मला हे काम फार मोठं वाटतं.

आपल्याकडे तर कापूस आहे. मुलाला डोळे मिटायला सांगून त्याच्या हातावर बोंड ठेवा. रुई मऊ, आतली सरकी टणक, वाळलेलं टरफल टोचरं. चिंचोके आणि तुरीचे दाणे मिसळून वेगळे करायला द्या. तीन वर्षांच्या आतलं मूल दाणा नाकातोंडात घालतं, म्हणून त्याला चिखलाचा गोळाच द्या, आणि जवळ बसा.

ऊसतोडीला गेलेल्या आईच्या कोपीसमोर, म्हणजे तिच्या झोपडीसमोरही माती असतेच. संध्याकाळी भाकरी थापताना पिठाचा एक छोटा उंडा लेकराच्या हातात द्या. तेही थापेल, वेडंवाकडं. त्याची भाकरी तव्याच्या कडेला भाजून त्यालाच खायला द्या.