सातवा दिवस आणि गिरणीचा भोंगा

वचन : निर्गम २०:८–११, अनुवाद ५:१२–१५



दहा आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी दिल्या आहेत. त्यांतील चौथी आज्ञा दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आहे. परंतु तिचे कारण मात्र निरनिराळे सांगितले आहे. निर्गमात कारण असे की, देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात सृष्टीचा उल्लेखही नाही. तेथे मोशे लोकांस आठवण देतो की, तुम्ही मिसरात दास होता व परमेश्वराने आपल्या सामर्थ्याने तुम्हांस बाहेर काढिले, म्हणून हा दिवस पाळा. आपल्या उपदेशांत बहुधा पहिलेच कारण येते. दुसऱ्याकडे आज लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे.

दासाला विसावा का नसतो, हे निर्गमाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट दिसते. मोशे व अहरोन फारोजवळ इतकेच मागतात की, लोकांस रानात जाऊन आपल्या देवाची उपासना करू द्यावी. फारो उत्तर देतो की, हे लोक आळशी झाले आहेत. आणि मुकादमांस हुकूम सुटतो की, विटांसाठी गवत देऊ नये, तथापि विटांची संख्या एकानेही कमी होऊ नये. जो दुसऱ्याच्या श्रमावर जगतो त्याला त्या दुसऱ्याचा विसावा नेहमीच आळस वाटतो, ही गोष्ट तेव्हापासून आजवर काही पालटलेली नाही.

मुंबईकडे पाहा. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवास पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, दादर ह्या भागांत धुराडी उभी राहिली. कोकणातून व घाटावरून आपल्याच गावांची माणसे तेथे गेली. पहाटे भोंगा झाला की आत जावयाचे, आणि सूर्य मावळल्यावर बाहेर यावयाचे. आठवड्याच्या सुट्टीचा नेम नव्हता. रविवारी यंत्रे थांबली तरी ती पुसावयास माणसे बोलावीत. गैरहजर राहिल्यास खाडा. ही माणसे मुळातच सुस्त आहेत, त्यांस सुट्टी कशाला, असे मालकांच्या बाजूने बोलले जाई. फारोचे शब्द त्यांनी निर्गमातून घेतले नव्हते, हे खरे.

ह्या लोकांचा कैवार घेतला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, व काही काळ स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरली, आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज झाला. त्यातील पहिली मागणी आठवड्यातून एक दिवस, रविवारी, विसाव्याची होती. दुपारी अर्धा तास सुट्टी मिळावी हीही एक होती. अर्ध्या तासासाठी अर्ज करावा लागला, ह्यावर क्षणभर थांबून विचार करा. पुढे सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन गिरणीकामकरी स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीस आधार दिला. लोखंडे १८९७ साली प्लेगात वारले.

अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत १८१३ सालीच आले होते. चौथी आज्ञा आपण मंडळीत पाठ म्हणत होतो, व सत्तर वर्षांनंतर तिच्यासाठी सह्या गोळा करणारा मनुष्य आपल्या मंडळीबाहेरचा निघाला. ह्यात मला देवाची दयाच दिसते. बाबेलच्या बंदिवासातून आपल्या लोकांस सोडविण्यास त्याने कोरेशाचाही उपयोग केला. परंतु ज्या रविवारी आपण निश्चिंतपणे उपासनेस बसतो, तो ह्या देशातील पुष्कळ घरांत कोणाच्या धडपडीने आला, हे मंडळीच्या मुलांस ठाऊक असावे.

आता कोणी म्हणेल, पाळकसाहेब, रिकामे बसणे म्हणजेच विसावा काय? नाही. तेही गिरणगावानेच दाखविले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला, आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. पुष्कळांस पुन्हा आत जाता आलेच नाही. भोंगे बंद पडले. हातांस सातही दिवस सुट्टी मिळाली, आणि त्या सुट्टीत एका रात्रीचीही स्वस्थ झोप नव्हती. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात दिवस मावळत आला तरी बाजारात उभी असलेली माणसे आहेत. त्यांना विचारले, येथे रिकामे का उभे राहिला? ती म्हणाली, आम्हांस कोणी कामावर घेतले नाही. द्राक्षमळ्याच्या धन्याने त्यांस विसाव्यावर उपदेश केला नाही; त्याने त्यांस काम दिले, आणि दिवसभराची मजुरी दिली. ज्याच्या हाताला काम नाही त्याला शब्बाथही नाही.

आणि ज्याचे पोट हातावर आहे, ज्याचा एक दिवस बुडाला की चूल पेटत नाही, त्याला आपण काय सांगावे? रानात मान्ना पडत असे तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, म्हणून सातव्या दिवशी कोणास बाहेर जावे लागत नसे. देवाने विसाव्याची आज्ञा देण्यापूर्वी त्या दिवसाच्या भाकरीची सोय केली. मंडळीत एखादे मजुराचे घर रविवारी कामावर गेलेले दिसले, तर त्याचे नाव वडीलमंडळींपुढे घेण्याआधी त्याच्या घरी शनिवारी काय शिजले ते पाहावे.

आणखी एक गोष्ट. मनुष्य सहाव्या दिवशी उत्पन्न झाला. म्हणजे त्याला लाभलेला पहिला पूर्ण दिवस सातवा होता. बागेत कुदळ मारण्यापूर्वीच त्याने देवाबरोबर विसावा घेतला. आपण हे उलटे करून ठेविले आहे: आधी राबा, मग उरल्यास विसावा. तसा विसावा कधी उरत नाही. शेतकरी बंधूंनो, निर्गम ३४:२१ काढून पाहा. नांगरणीच्या व कापणीच्या दिवसांतदेखील सातव्या दिवशी थांबावे असे तेथे म्हटले आहे. पाऊस पडून वापसा झालेला असताना थांबणे किती कठीण, हे मी जाणतो. त्या दिवशी पीक कोणाच्या हाती आहे ह्यावरचा आपला विश्वास शेताच्या बांधावर कळतो.

निर्गम २३:१२ मध्ये तर बैल, गाढव, दासीचा मुलगा व उपरा ह्यांची नावे घेतली आहेत. त्यांचा जीव ताजातवाना व्हावा म्हणून हा दिवस. आपले शेजारी पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. बैलाचा मान ते राखतात हे चांगले आहे. आपल्या घरातील बाईच्या मानेवरचे जू मात्र रविवारी अधिकच जड होते. गिरणगावात बायका खाणावळी चालवीत. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांस जेवू घालीत. रविवारी गिरणीचे यंत्र थांबे, पण माणसे जेवावयाची थांबत नसत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते अशाच बायकांसाठी. आपल्या घरी रविवारी पाहुणे येतात, मटण शिजते, पुरुष उपासनेनंतर अंगणात बसून उपदेशाची चर्चा करितात, आणि भांडी घासणारी कोण असते? चौथ्या आज्ञेत पुत्र, कन्या, दास, दासी सर्व आले आहेत. ज्या घरात एकाचा विसावा दुसऱ्याच्या कष्टावर उभा आहे, तेथे मिसर अद्याप सुटलेला नाही. तरुणांनो, रविवारची भांडी तुम्ही घासा. बंधुजनांनो, शनिवारी रात्री भाजी निवडा. ह्याला मी क्षुल्लक गोष्ट म्हणणार नाही.

आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. फिनिक्स गिरणीच्या आवारात मोठा बाजार भरतो. आपल्या गावांतील मुले तेथे पहारेकरी म्हणून उभी राहतात, पाठीवर डबे व सामान घेऊन दुचाकीवर धावतात. पुष्कळांची पाळी बारा तासांची असते, आणि रविवार त्यांस क्वचित मिळतो. असा मुलगा चार दिवसांसाठी घरी आला की, आपण त्याला पहिल्याच सकाळी पैशाविषयी, लग्नाविषयी, उपासनेस का आला नाहीस ह्याविषयी विचारू लागतो. एलिया झुडुपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. त्याने त्याला निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि मग दुसऱ्यांदा उठवून जेवू घातले. कामाची विचारपूस पुढे होरेब पर्वतावर, चाळीस दिवसांनी झाली. मुलगा एस्‌टीतून उतरेल तेव्हा, आयांनो, त्याच्यासाठी आधी अंथरूण घालून ठेवा.