खरें चित्र आणि खोटी साक्ष

जें छायाचित्र रेषेनरेष खरें आहे तें खोटी साक्ष देऊं शकेल काय? चित्रकाराच्या बाबतींत हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाहीं. त्याच्या कुंचल्यांतून त्याचे रागलोभ उतरणारच, हें आपण गृहीत धरलेलें असतें. कॅमेऱ्याला मात्र आपण मन नसलेला साक्षीदार समजतों आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतों. समुद्राच्या तळाशीं जाऊन पडताळा पाहणें आपल्यापैकीं बहुतेकांस शक्य नसल्यामुळें, तेथील चित्रांच्या बाबतींत तर या विश्वासाला सीमाच राहत नाहीं.

अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून कांहीं मैलांवर, सुमारें २५ मीटर खोल पाण्यांत, ‘कॅरिबसी’ नांवाचें मालवाहू जहाज पडलेलें आहे. ११ मार्च १९४२ रोजीं क्यूबाहून मँगनीजचें खनिज घेऊन तें नॉरफोक बंदराकडे चाललें असतां ‘यू-१५८’ या जर्मन पाणबुडीच्या पाणतीरांनीं त्याचा वेध घेतला. कांहीं मिनिटांतच तें बुडालें. २८ माणसांपैकीं २१ गेलीं, ७ वांचलीं. आज त्याच्या गंजलेल्या सांगाड्याभोंवतीं लहान माशांचे थवे ढगांसारखे दाटतात, आणि त्या ढगांतून पुरुषभर लांबीचे, कधीं त्याहूनही मोठे, ‘सँड टायगर’ जातीचे शार्क संथपणें फिरत असतात. आपल्या कोंकणांत बाजारांत येणारी मुशी याच गोत्रांतली. पाणबुडे कॅमेरे घेऊन तेथें उतरतात ते मुख्यतः या शार्कांसाठीं.

या माशाचें दुर्दैव असें कीं, तोंड मिटलें तरी त्याचे दांत बाहेरच राहतात. वांकडे, सुयांसारखे, ओळींमागून ओळी. शिवाय तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि तिच्या आधारानें पाण्यांत जवळजवळ निश्चल तरंगतो, त्यामुळें चित्र घेणाऱ्यास हवा तेवढा वेळ मिळतो. खोल पाण्यांत तांबडा रंग उरत नाहीं, सर्व कांहीं निळसर करडें दिसतें. म्हणून पाणबुडा आपला प्रकाश आपल्याबरोबर नेतो. तो प्रकाश समोरून, अगदीं जवळून जबड्यावर पडला, मागें जहाजाचा काळोख राहिला आणि कळ दाबली गेली, कीं यमदूत तयार! त्यांतला एकही दांत खोटा नाहीं. तरी तें चित्र त्या प्राण्याची निंदा करतें. कारण हा शार्क माणसाच्या वाटेस सहसा जात नाहीं. चित्र घेणाऱ्यास हें पुरतें ठाऊक असतें. नाहीं तर तो इतक्या जवळ गेलाच नसता.

ही निंदा निरुपद्रवी असती तर तिच्यावर एवढी शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. हाच मासा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ‘ग्रे नर्स’ म्हणून ओळखला जातो. १९५० आणि १९६० च्या दशकांत तेथील हौशी भालेकऱ्यांनीं त्याला नरभक्षक ठरवून सर्रास मारलें. अपराध काय, तर चेहरा. १९८४ सालीं न्यू साउथ वेल्सनें त्याला कायद्याचें अभय दिलें. अमेरिकेनेंही १९९७ सालीं अटलांटिक किनाऱ्यावर त्याच्या मासेमारीस बंदी केली. परंतु ही मादी दोन-तीन वर्षांतून एकदां वितें आणि एका खेपेस दोनच पिलांस जन्म देते. तिचीं गर्भाशयें दोन, आणि प्रत्येकांतलें बळकट पिलूं आपल्या भावंडांना खाऊन उरतें. (यावरून त्या जातीस क्रूर म्हणणारे निघतीलच, गर्भांतील जिवाला नीति शिकविण्याचें काम मीं त्यांच्याकडेच सोंपवितों.) असा ज्याचा संसार, त्याची तूट कायद्याच्या एका कलमानें भरून येत नाहीं.

आतां त्याच कॅमेऱ्याचें दुसरें काम पाहा. या शार्काच्या कुशीवर तपकिरी ठिपके असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येकाची निराळी असते. नॉर्थ कॅरोलायनाच्या समुद्रांत हौशी पाणबुड्यांनीं बाजूनें घेतलेलीं चित्रें संशोधकांनीं एकमेकांशीं ताडून पाहिलीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं दाखविलें कीं, सहा माद्या पूर्वींच्याच बुडालेल्या जहाजांकडे परत आल्या होत्या; परतण्याचें अंतर कोठें एका महिन्याचें, तर कोठें ७२ महिन्यांचें. सहा वर्षांनीं तेंच जहाज! असलीं चित्रें दिसावयास नीरस असतात. त्यांत ना जबडा, ना अंगावर कांटा. पण ‘शार्क’ या भयंकर नांवामागें त्याच एका ठिकाणीं परतणारी एक विवक्षित मादी आहे, हें त्यांवांचून आपल्यास कळलें नसतें.

कोणी म्हणेल, भयंकर चित्रानेंच लोकांचें लक्ष वेधलें जातें. ठिपक्यांकडे कोण पाहणार? हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु भयानें वेधलेलें लक्ष भयापाशींच थांबतें असा माझा तरी समज आहे, आणि भालेकरीही त्या माशाकडे मोठ्या लक्षपूर्वकच पाहत होते.

आणि तीं २१ माणसें? त्यांच्याविषयींही हाच प्रश्न उभा राहतो. सांगाड्यावरील रंगीबेरंगी जीवसृष्टीचें चित्र सुंदर असतें, खरेंही असतें. तें पाहून आनंद मानणें मला पाप वाटत नाहीं; समुद्रानें मृत्यूच्या जागीं एवढी वस्ती वसविली ती आपली परवानगी विचारून नव्हे. पण ‘बुडालेलें जहाज’ एवढ्याच दोन शब्दांवर जेव्हां असें चित्र छापलें जातें, तेव्हां कॅमेऱ्यानें नव्हे, तर त्याच्या मालकानें कांहीं तरी दडविलेलें असतें. मेलेल्यांत एक अधिकारी जवळच्याच ऑक्राकोक बेटावरचा होता. जहाजाच्या नांवाची फळी वाहत वाहत त्याच बेटाला लागली, आणि जहाजाच्या लांकडाचा एक क्रूस करून तेथील चर्चमध्यें ठेवण्यांत आला.