पन्नास रुपये आणि सदतीस वर्षे

बेल्लमपल्लीच्या आम्हा जुन्या मराठी घरांचा रेल्वेशी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. विरूर, माणिकगड ओलांडून गाडी बल्लारशाहला लागली की आमचे लग्नकार्य, सोयरसुतक सारे सुरू होते. रात्रीच्या डब्यात बर्थसाठी हळूच पुढे केलेली नोट तितक्याच हळूच तपासनिसाच्या खिशात जाताना आम्ही पाहिलेली आहे. ‘यांना एकदा कोणी धरावे’ असे मनात येतेच. परंतु धरणे म्हणजे दोष सिद्ध करणे नव्हे, हा विवेक त्या क्षणी कितीजणांना राहतो?

३१ मे १९८८ रोजी दादर–नागपूर एक्स्प्रेसमध्ये रेल्वेच्या दक्षता पथकाने अचानक तपासणी केली. एका तिकीट तपासनिसाने तीन प्रवाशांकडून मिळून पन्नास रुपये गैरमार्गाने मागितले, असा ठपका ठेवण्यात आला. इतरही आरोप होते. १९८९ मध्ये आरोपपत्र दिले गेले आणि १९९६ मध्ये बडतर्फी झाली. २००२ मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने ती रद्द केली, तर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय फिरवला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासनिसाच्या बाजूने निकाल देऊन निवृत्तीचे लाभ वारसांना देण्याचा आदेश केला. वारसांना, कारण तोवर तपासनीस हयात नव्हता. एका प्रवाशाची साक्ष झालीच नव्हती, म्हणून त्याची उलटतपासणीही नाही. उरलेल्या दोघांनी आरोपाला दुजोरा दिला नव्हता.

येथे विरुद्ध पक्षही ऐकला पाहिजे. विभागीय चौकशी हा फौजदारी खटला नव्हे. तेथे संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहावयाचे असते. कोण कुठला प्रवासी, तो साक्षीसाठी रजा काढून का येईल? संपूर्ण पुराव्याचा हट्ट धरला तर लाचखोर कधीच सापडणार नाही, आणि ज्याच्या खिशात जादा नोट नाही तो दाराशी मुटकुळे करून रात्र काढीत राहील. हा युक्तिवाद पोकळ नाही. त्या प्रवाशावरही अन्यायच होत असतो.

तरीही आमचे मत दुसरे आहे, आणि ते आमच्या एका चुकीतून घडले आहे. राज्य शासनाच्या सेवेत असताना एका कर्मचाऱ्याची चौकशी आमच्याकडे आली होती. मुख्य साक्षीदार आला नाही. आम्ही त्याचा लेखी जबाब ग्राह्य धरला आणि दोष सिद्ध झाल्याचा अहवाल दिला. तो कर्मचारी एवढेच म्हणाला होता, “साहेब, मला त्यांना फक्त दोन प्रश्न विचारायचे होते.” ते प्रश्न कोणते, हे आम्ही विचारलेही नाही. तो दोषी होता की नाही, हे आम्हांस आजही सांगता येत नाही. आमचा अहवाल मात्र ठामपणे सांगत होता.

उलटतपासणी ही आरोपीवर केलेली मेहेरबानी आहे, असे आम्ही तेव्हा समजत होतो. वस्तुतः ती चौकशी अधिकाऱ्याची गरज असते. तिच्यावाचून आपल्या हाती राहतो तो संशय. फक्त त्यावर सही-शिक्का असतो. विलंबाचेही तसेच. सहा महिन्यांत साक्षी झाल्या असत्या तर दोषी सुटला नसता आणि निर्दोष भरडला गेला नसता. ज्या दिरंगाईने निर्दोषाचे आयुष्य जाते, तिच्यामुळेच दोषीविरुद्धचा पुरावाही विरून जातो. म्हणून कठोरपणा आणि न्याय्यता यांत आपण समजतो तेवढे वैर नाही. जेथे खरोखरच साक्ष मिळत नाही तेथे मात्र माणसाला सोडून द्यावे. बुडालेले पन्नास रुपये पुन्हा वसूल होऊ शकतात. गेलेली सदतीस वर्षे नाहीत.

एक गोष्ट उरते, आणि ती आपल्याविषयीची आहे. नोट पुढे करणारा हात आपलाच असतो, आणि साक्षीला बोलावणे आले की घरी काम निघते तेही आपल्यालाच. रेल्वेने प्रामाणिक असावे असे म्हणताना, त्या चौकशीत रिकामी राहिलेली साक्षीदाराची खुर्ची कोणाची होती, हेही आपण स्वतःला विचारावे.