आत्याचं मारी बिस्किट

पाचाडच्या आत्याला तो व्हिडिओ मीच पाठवला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात सगळा दोष दुसऱ्यांवर ढकलणं फार सोपं आहे.

व्हिडिओतली बाई सांगत होती : मीठ नसलेलं एक क्रॅकर तोंडात घ्या, चावत राहा आणि चव गोड व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीस सेकंदांच्या आत गोड लागलं तर भात-पोळी तुम्हाला मानवते, नाही लागलं तर कमी करा. फुकट, घरबसल्या. मी लोकलमध्ये उभ्या उभ्या तो पाहिला आणि 'गंमत बघा' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला.

आत्याला दहा वर्षांपासून शुगर आहे. पाचाडच्या दुकानात बिनमिठाचं क्रॅकर कुठून मिळणार? तिने मारी बिस्किट घेतलं. त्यात साखर असतेच. सात-आठ सेकंदांत तोंड गोड झालं आणि आत्या पास झाली. मग रात्रीचा भात परत सुरू झाला, आणि 'आता काय गरज' म्हणून रात्रीची गोळी सुटली. तीन महिन्यांनी महाडला रक्त तपासलं तेव्हा साडेसातवर असलेली एचबीएवनसी दहाच्या पुढे गेली होती.

घरात सगळे बिस्किटावर हसले. मलाही हसू आलं, पण मारीऐवजी खरं क्रॅकर असतं तर काय झालं असतं हा प्रश्न काही जाईना.

ही चाचणी शेरॉन मोआलेम या डॉक्टरांनी २०१६ साली आपल्या पुस्तकातून लोकांपुढे आणली. तिच्यामागे खरं विज्ञान आहे, म्हणूनच ती फसवी आहे. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. ते स्टार्च तोडतं आणि तोंड गोड होतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुणात कमी, कुणात जास्त असतात. पिष्टमय अन्न जास्त खात आलेल्या समाजांत त्या सरासरीने जास्त आढळतात, हे २००७ च्या संशोधनात दिसलं. २०१४ मध्ये एका अभ्यासाने कमी प्रतींचा संबंध लठ्ठपणाशी जोडला. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने जास्त काटेकोर मोजणी केली, तेव्हा तो संबंध सापडला नाही. आणि मुळात स्टार्चचं बहुतेक पचन लहान आतड्यात होतं. रक्तात उतरलेल्या साखरेचं पुढे काय होणार, हे इन्सुलिन, स्नायू आणि यकृत ठरवतात. म्हणजे क्रॅकर असतं तरी उत्तर लाळेबद्दलच मिळालं असतं. आत्याने प्रश्न विचारला होता रक्ताबद्दल.

सेलिब्रिटींच्या सल्ल्याचंही असंच होतं. २००८ साली 'टशन'मधली करीना कपूर पाहून अर्ध्या देशाला 'साइझ झीरो' हा शब्द कळला. तिची आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर पुढच्या वर्षीच्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणाली, आणि भात-तुपाची बाजू तर ती कायम घेत आली. काही वर्षांनी महाराष्ट्रभर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकलं जाऊ लागलं : दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत. आमच्या ग्रुपवर या दोघांचे व्हिडिओ एकाच काकूने, एकाच श्रद्धेने टाकलेत. दोघांपैकी कोण बरोबर, यात मी पडत नाही. पण कुणाचं तरी शरीर दाखवून 'बघा, जमलं' म्हटलं की आपण आपलं शरीर विसरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सारखे दिसणारे दोन सडपातळ गृहस्थ!

आता गैरसोयीचा भाग. हा संशय मी नटीवर घेतो, मग आजीवर का नाही? आमच्याकडे ठरलेलं वाक्य आहे : 'आपली माणसं भातावरच वाढली, आपल्याला भात बाधत नाही.' खरंय. आजी भात खायची, नाचणीची भाकरी खायची, आणि ताकाचं मडकं डोक्यावर घेऊन रायगडाच्या दीडएक हजार पायऱ्या चढायची. आत्याही तरुणपणी चढली. आता तिचे गुडघे गेलेत. रोपवे १९९६ पासून आहेच, पण त्यात बसून कुणाची साखर खर्च होत नाही. ताटातला भात तोच आहे, तो जाळणारे पाय राहिले नाहीत. आजीचा अनुभव खोटा नव्हता. तो आजीचा होता, एवढंच.

१८७७ मध्ये क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एक गोष्ट लिहिली. एका जहाजमालकाला आपलं जहाज जुनं झाल्याची शंका असते. तो स्वतःची समजूत घालतो, इतक्या खेपा केल्या, ही पण होईल. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोहोचलं असतं तरी तो तितकाच दोषी होता, कारण पुराव्याशिवाय विश्वास ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता. मला हे आधी फार कडक वाटायचं. प्रत्येक गोष्ट तपासत बसलो तर जगायचं कधी? अजूनही थोडं वाटतं. पण जहाजमालकाने निदान स्वतःची समजूत तरी घातली होती. मी तेवढंही केलं नाही. माझा त्या व्हिडिओवर विश्वासच नव्हता. गंमत म्हणून पाठवला. आत्याने मात्र विश्वास ठेवला, कारण तो भाच्याने पाठवला होता, शहरात शिकलेल्या. तिने त्या बाईवर विश्वास ठेवलाच नव्हता.

आता गोळी परत सुरू आहे. मी ग्लुकोमीटर नेऊन दिला. त्यातही पंधराएक टक्के इकडेतिकडे होतं, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं तर आमच्या दुकानदाराच्या काट्यातही होतं." जेवणानंतर दोन तासांनी ती बोट टोचते आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवते : भात, इतका. नाचणी, इतकी. भात आणि वर अंगणात चार फेऱ्या, इतका. तो कागद ती डॉक्टरांना दाखवते. मला दाखवत नाही.

गेल्या खेपेला निघताना तिने विचारलं, "तो व्हिडिओ तू किती जणांना धाडला होतास रे?"

ग्रुपवर ४१ जण आहेत. एसटीत बसल्यावर मी सगळं लिहून टाकलं : चाचणी चुकीची का, मी का पाठवली, आत्याचं काय झालं. लांबलचक झालं. महाड येईपर्यंत तिघांनी अंगठा दाखवला होता, आणि काकूने दालचिनीच्या पाण्याचा व्हिडिओ टाकला होता.