बाभळीचा भुंगेरा, द्राक्षाचा खोडकिडा

कवठे महांकाळसारख्या कोरड्या मुलखात पावसाळ्यात बाभळीवर चकचकीत हिरव्या पाठीचा भुंगेरा दिसतो. तो पाला खातो, त्याची अळी जमिनीत मुळं कुरतडते. त्याच्या कुळातल्या कित्येक जातींच्या अळ्या थेट लाकूड पोखरतात, बहुधा आधीच खंगलेल्या झाडाचं.

द्राक्षबागेतला खोडकिडा मात्र वेगळ्या कुळातला, लांब मिशांचा. वेलीच्या बुडाशी ताजा भुसा दिसला की शेतकरी भोक शोधतो, तार घालून अळी ओढून काढतो. अळी तर तिचं अन्नच खात होती. मग तिला मारणं हे पाप का?

सांगली भागातल्या जैन शेतकऱ्यांना हा पेच नवा नाही. जैन आचारात गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा त्याला वर्ज्य. पोटापाण्याच्या धंद्यात घडणारी उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, पण ती जपून, कमीत कमी व्हावी लागते.

तारेच्या टोकाशी हे वर्गीकरण अवघड होतं. वेल वाचवणं हा धंदा, पण अळीला मारणं हेतुपूर्वकच. म्हणून ताजा भुसा असलेल्या वेलीपुरताच उपाय करणं आणि सरसकट फवारणी टाळणं यात खरा नैतिक फरक आहे.

हाच खोडकिडा बाभळीतही वाढतो. बागेसाठी बांधावरची बाभूळ तोडली, तर निरुपद्रवी हिरव्या भुंगेऱ्याचाही घास जातो. त्याचा हिशेब उद्योगी हिंसेत धरायचा का, हे शेतकऱ्याला कुऱ्हाड उचलण्याआधी ठरवावं लागतं.