बघू

"सर, तुमचं 'बघू' म्हणजे नेमका कुठला वार?" परवा शाखेतल्या एका कनिष्ठ लिपिकाने विचारलं. पोरगा हसत होता, मला मात्र ते झोंबलं. तालुक्याच्या कार्यालयात दोन वर्षांसाठी पाठवायला दोघांपैकी एकाचं नाव सुचवायचं, एवढंच काम होतं. ती फाईल २६ दिवस माझ्याकडे होती. तिच्यावर चहाच्या कपाचे दोन गोल उमटले होते.

आळस हा शत्रू वगैरे सुविचार शाळेच्या फळ्यावर लिहून झाले आहेत, ते सोडून देऊ. त्या २६ दिवसांत मी आळशी नव्हतोच. वैद्यकीय बिलं तपासली, मसुद्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, हाताखालच्यांनी करायची कामंही ओढून घेतली. तेव्हा काम राहणं वेगळं आणि निकाल राहणं वेगळं. काम वेळेअभावी राहतं. निकाल राहतो तो वाईटपणा घ्यायचा नसतो म्हणून.

एका प्रशिक्षणात व्याख्याते सांगत होते : यादी करा, सगळ्यात अवघड काम सकाळी आधी उरका. अहो, ती फाईल रोज माझ्या यादीत पहिलीच होती! एकट्याने बसून लिहायच्या अहवालाला त्यांचं औषध लागू पडतं, हे मान्य. पण ज्याचं नाव लिहायचं तो माणूस समोरच्याच टेबलावर डबा उघडून बसलेला असतो, तेव्हा सकाळ काय नि संध्याकाळ काय.

आपल्याकडे यावर कायदाही आहे. २००५ चा, बोलीत 'दप्तर दिरंगाई कायदा'. साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये, असं तो सांगतो. आम्ही त्यावरही तोड काढली. सहाव्या दिवशी समासात 'चर्चा करावी' लिहायचं. फाईल टेबलावरून उठते, दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. घोंगडं भिजतच राहतं. कायदा फाईल कुठे आहे ते मोजतो, निर्णय कुठे अडला ते नाही.

इथे नरसिंह राव आठवतात. रामटेकचे खासदार राहिलेले, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तेलुगूत नेणारे. निर्णय न घेणं हाही निर्णयच, हे वाक्य त्यांच्या नावावर खपतं. तरी १९९१ च्या जूनमध्ये पंतप्रधान झाल्यावर दोन आठवड्यांत त्यांच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत. दुसऱ्या टप्प्याच्या सकाळी राव कचरले, थांबवा म्हणाले. मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेत फोन लावला, तोवर घोषणा होऊन गेली होती! त्यांचं कचरणं देशाला लागलं नाही, कारण खालचा माणूस वेळेवर कामाला लागला होता. माझ्या शाखेत अशी सोय नाही.

हे लिहायला बसलो तेव्हा साहेबाने झटपट निर्णय घ्यावा, एवढंच म्हणायचं होतं. आता तसं वाटत नाही. थांबण्यात पाप नाही. थांबणाऱ्याला मात्र दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : कशासाठी थांबलोय आणि कधीपर्यंत. मी कशासाठी थांबलो होतो? दोघांपैकी एकाने आपणहून "मी जातो" म्हणावं म्हणून. म्हणजे वाईटपणा त्याने घ्यावा आणि चांगुलपणा माझ्याकडे राहावा.

लिपिकाला म्हटलं, "शुक्रवार." शुक्रवारी नाव लिहून सही केली. ज्याचं नाव गेलं तो दोन दिवस बोलला नाही. नंतर घर शोधायला रजा मागायला आला. अर्ज पुढे सरकवत म्हणाला, "जायचं ठीक आहे, सर. महिनाभर आधी कळलं असतं, तर मुलीचं नाव तिकडच्याच शाळेत घातलं असतं."