हे कोणी सांगितलं?

'असे नव्हते ना बाप्पा ते!' चरित्रपट बघून बाहेर पडणाऱ्या चाहत्याच्या तोंडी हेच वाक्य असतं. भंडाऱ्यात त्याला 'बाप्पा' जोडला जातो, पुण्यात नाही, एवढाच काय तो फरक. मग कसे होते, असं कोणी विचारलं की मात्र गडी अडखळतो. ज्या गायकासाठी तो तावातावाने भांडतोय, त्याला त्याने समोर बसून ऐकलेलं नसतं. आधी रेडिओ, मग कॅसेट आणि आता मोबाइल, एवढीच काय ती ओळख. तरी आपला तो खरा आणि पडद्यावरचा खोटा, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते.

या हट्टाला हसणं सोपं आहे. पण न पाहिलेल्याविषयीची ही खात्री माणसाला एरवी देवाच्याच बाबतीत असते, म्हणून चाहत्याची कुरकुर वाटते तितकी किरकोळ नाही. गेलेल्या माणसाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा आणि त्यातलं खरं कसं ओळखायचं, हा प्रश्न धर्मविचाराने फार पूर्वीच हाताळलेला आहे.

भंडाऱ्याच्या चाहत्याचं उदाहरण घ्यायचं तर वसंतराव देशपांडे यांचं घ्यावं. जन्म मूर्तिजापूरचा, 1920 सालचा. वाढले नागपुरात, आणि नागपूर म्हणजे भंडाऱ्याला शेजारचं गाव. 'कट्यार काळजात घुसली' लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच. 1967 साली हे नाटक रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेब आफताब हुसेन या भूमिकेने वसंतराव घराघरांत पोचले. विदर्भाने त्यांना तेव्हापासून 'आपले' म्हटलं. (त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांची कोणी फारशी विचारपूस केली नव्हती, ही गोष्ट वेगळी.) एप्रिल 2022 मध्ये निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'मी वसंतराव' आला तेव्हा भंडाऱ्याची चाहते मंडळी नागपूर गाठून, गाणं ऐकायला जावं तशी चित्रपटाला गेली.

चित्रपट गाण्यात उणा नाही. वसंतरावांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली, गायलेही तेच, आणि त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाहत्याचं बिनसतं ते दुसरीकडे. वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा शिकले, सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ यांच्याकडूनही त्यांनी घेतलं. एका घराण्याच्या दावणीला न बांधलेला हा गळा घडायला वर्षानुवर्षं लागली, आणि त्यातली बरीचशी वर्षं संरक्षण खात्याच्या हिशेबकचेरीत नोकरी करताना गेली. पडद्यावर लाहोरचा मारवा साक्षात्कारासारखा येतो, नोकरी वनवासासारखी येते, आणि 'कट्यार' म्हणजे राज्याभिषेक. दिवसभर आकडे लिहिणारा माणूस संध्याकाळी तंबोरा कसा लावत असेल, आकड्यांमधून सुरांत यायला त्याला किती वेळ लागत असेल, हे बघायची चाहत्याला भूक असते. चित्रपटाला तेवढी सवड नसते. तीन तासांत आयुष्य उरकायचं म्हणजे वनवास आणि राज्याभिषेकच उरणार.

आता धर्मविचाराकडे वळताना भंडाऱ्याची आणखी एक ओळख सांगायला हवी, जी भंडाऱ्यातही फारशी कोणी सांगत नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी फिरत फिरत इथे आले आणि इथल्या नीळभट नावाच्या माणसाने त्यांच्यामागे घर सोडलं. महानुभाव परंपरेत त्यांचं नाव गावासकट टिकलं आहे: नीळभट भांडारेकार. ते ज्या ग्रंथात येतात तो 'लीळाचरित्र', मराठीतला पहिला मोठा गद्य चरित्रग्रंथ. म्हणजे मराठीने पहिल्यांदा एका माणसाचं आयुष्य गद्यात मांडलं, तेव्हा त्यात भंडाऱ्याचा माणूस होता.

चक्रधर उत्तरेला निघून गेल्यावर म्हाइंभटाने हा ग्रंथ सिद्ध केला. हा पंडित मूळचा वादाला आला होता आणि शिष्य होऊन राहिला. ऋद्धिपूरला, स्वामींमागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांजवळ बसून त्याने आठवणी गोळा केल्या आणि ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं अशांना गाठून विचारत राहिला. त्याच्यापुढची अडचण आजच्या पटकथाकाराचीच होती. नायक समोर नाही, सांगणारे पुष्कळ, आणि प्रत्येकाचं सांगणं थोडं वेगळं. पटकथाकार अशा वेळी जास्त रंगेल ती आठवण उचलतो. लीळाचरित्राच्या परंपरेने असं केलं नाही. अमक्याच्या सांगण्याप्रमाणे असं, तमक्याच्या सांगण्याप्रमाणे तसं, अशा वेगळ्या आठवणी तिने पोथ्यांमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. पुढे मूळ पोथी हरवली आणि पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असं परंपरा सांगते. त्या धांदलीत पाठभेद आणखी वाढले, आणि तेही जपले गेले.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? महानुभावांसाठी स्मरण हीच साधना आहे. परमेश्वराचं नाव, मूर्ती, लीळा आणि चेष्टा आठवायच्या. स्वामी कोणत्या गावी कुठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, हे जसं घडलं तसं आठवलं तरच ते स्मरण. चुकीची लीळा आठवली तर साधना भलत्याचीच झाली. खरं-खोटं निवडण्याची गरज इथे भक्तीतूनच जन्मली. चाहता चडफडतो त्याचं मूळही इथेच सापडतं. आठवण हीच त्याच्या हातातली एकमेव वस्तू. ती कोणी बदलली तर त्याच्याजवळ दुसरं काही उरत नाही.

आणि हे भक्तांचं चरित्र गुळगुळीत नाही, हे विशेष. चक्रधरांचं पूर्वायुष्य, म्हणजे गुजरातेतल्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव, हे सांगताना त्यात जुगार येतो, जुगारातली हार येते, दागिने द्यायला बायकोने दिलेला नकारही येतो. ज्याला परमेश्वर मानलं त्याचा जुगार लिहून ठेवताना भक्तांचे हात थरथरले नाहीत. आजच्या चरित्रपटात नायकाच्या दारूचा प्रसंग आला की एकतर तो गाळतात, नाहीतर त्याच्यावरच सगळा कॅमेरा रोखतात. 2019 साली महेश मांजरेकर यांच्या, पु. ल. देशपांडे यांच्यावरच्या 'भाई: व्यक्ती की वल्ली'वर रसिक चिडले ते याच कारणाने. पुलंच्या भोवतीची थोर गायक मंडळी मैफिलीपेक्षा बैठकीतल्या मौजमजेनेच जास्त लक्षात राहावीत अशी रंगवली, ही त्यांची तक्रार होती. दोष दाखवला म्हणून माणूस खरा होतो, असा आजकालचा समज आहे. तोही एक साचाच.

मग चमत्कार लिहिणाऱ्यांचं काय, असा प्रश्न कोणी काढेल. महिपतीने 1762 मध्ये 'भक्तविजय' हा संतचरित्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात देव पदोपदी धावून येतो. पण महिपतीही आपण हे नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आधीच्या चरित्रकारांच्या आधाराने सांगतो, असं मोकळेपणाने नोंदवतो. चमत्कार सांगणाऱ्या कवीलासुद्धा आपला आधार सांगावासा वाटला. चरित्रपट मात्र सुरुवातीला 'काही प्रसंग काल्पनिक आहेत' अशी पाटी दोन सेकंद दाखवून मोकळा होतो. कोणते प्रसंग, ते विचारायचं नाही.

काल्पनिक गोष्ट किती खोल रुजते याचा दाखला प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम'मध्ये आहे. चित्रपट थोरच, त्याबद्दल वाद नाही. 1937 साली व्हेनिसमध्ये त्याचा गौरव झाला. पण त्यासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक गाणं इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं की ते गाथेतलंच आहे असं लोक समजून बसले. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा तर कित्येकांच्या मनात तुकोबांचाच चेहरा होऊन गेला. तुकोबांचं एकही छायाचित्र नसताना हे घडलं. वसंतरावांची तर छायाचित्रं आहेत, ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांना ऐकलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांच्या जागी दुसरा चेहरा आणि दुसरा गळा बसू लागला की चाहत्याने कळवळू नये तर काय करावं?

भंडाऱ्याकडच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला सोंगाचं वावडं आहे, असं मात्र कोणी समजू नये. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियातल्या गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक रंगतं. मांडवात चादरी पांघरून बसलेल्या लोकांसमोर गावातलाच गडी लुगडं नेसून राणी होतो. कालपर्यंत तो शेजारच्या बांधीत धान कापत होता, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी तो रडला की बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात, आणि सकाळी त्याला नावाने हाक मारून चहाला बोलावतात. सोंगाने आपण सोंग आहोत हे कधी लपवलेलं नसतं. चरित्रपटाचा सगळा खर्च ते लपवण्यावर होतो. कृत्रिम नाक, हुबेहूब चष्मा, जुन्या काळची मोटार, शेवटी खऱ्या माणसाची छायाचित्रं. एवढं बघितल्यावर संवादही खरेच असणार, असं माणूस गृहीत धरतो.

परदेशातही हेच. 'क्वीन' या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरच्या 2018 च्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'त 1985 च्या लाइव्ह एड मैफिलीआधी तो आपल्या आजाराची बातमी साथीदारांना सांगतो. प्रत्यक्षात निदान त्यानंतरचं मानलं जातं. मैफिलीला करुण रंग यावा म्हणून आजार अलीकडे ओढला. या चित्रपटाच्या निर्मितीत क्वीनच्या वादकांचा सहभाग होता, म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदार सोबत असून ही गत. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले.

साक्षीदाराचा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानलं, पण बोलणारा आप्त असेल तरच. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने तर ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही हे सारखंच लागू केलं. या कसोटीवर मराठी चरित्रपट लावून बघावेत. 'महाराष्ट्र शाहीर' 2023 मध्ये केदार शिंदे यांनी केला. शाहीर साबळे त्यांचे आजोबा, आणि शाहिरांच्या पत्नी भानुमती यांची भूमिका केदार यांच्या मुलीची. 'मी वसंतराव'मध्ये नातू. घरच्यांनी केलेल्या चित्रपटात माया असते, कागदपत्रं असतात, आणि एक अडचणही असते. वसंतराव 1983 साली गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. त्यांची बरीचशी आठवणही ऐकीवच असणार, भंडाऱ्याच्या चाहत्यासारखी. मग दोघांत फरक काय? नातवाच्या हाती कॅमेरा होता.

चाहत्याची बाजू सगळीच बरोबर आहे, असंही नाही. त्याच्या मनातली मूर्ती त्याने स्वतः घडवलेली असते आणि तिला तडा जाईल ते सारं त्याला खोटं वाटतं. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र 1978 साली प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यातल्या काही लीळांवर पंथातूनच तीव्र हरकत आली आणि वाद कोर्टापर्यंत गेला. मतभेद पोथीत सांभाळून ठेवणाऱ्या परंपरेलासुद्धा ते छापील पुस्तकात सोसले नाहीत. मूर्ती जपायची की माणूस, हे चाहत्यानेही एकदा ठरवायला हवं. माणूस हवा असेल तर न आवडणारी आठवणही ऐकून घ्यावी लागेल. फक्त ती कोणाची, हे विचारण्याचा हक्क त्याचा आहे, आणि तो त्याने सोडू नये.

'मी वसंतराव' गाण्यासाठी बघावा, चरित्र म्हणून नव्हे. वसंतरावांसाठी त्यांचं स्वतःचं 'कट्यार' ऐकावं. ते उपलब्ध आहे. आणि साकोली, लाखांदूर, पवनीच्या गावांत दंडारीत गायलेले, भजनात खंजिरी वाजवलेले जे म्हातारे अजून आहेत, त्यांच्याकडे तरुणांनी या मंडईच्या हंगामातच मोबाइल घेऊन बसावं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी गावोगाव फिरून जे केलं, तेच काम गाण्यासाठी व्हायला हवं. प्रत्येक आठवणीखाली सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घालावी. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही ठेवाव्यात.